कॅसेटमधला आवाज समोर आला तेव्हा

गणेश चवथीच्या आधी माळ्यावरची झाडलोट करताना जुन्या कॅसेटींचा पत्र्याचा डबा हाती लागला. वाजवायला टेप उरलेला नाही, पण टाकवतही नाहीत. झाकणांवरची नावं वाचत बसले आणि मनात आलं, यातल्या किती जणांना मी समोर बसून गाताना ऐकलंय? मोजून तिघांना. त्यातला पहिला प्रसंग आठवला आणि केरसुणी तशीच पडून राहिली.

म्हणून हा धागा. गोव्यातल्या आणि गोव्याशी नातं असलेल्या सगळ्यांना आग्रहाचं बोलावणं. स्वतः रचणारा, स्वतः चाल लावणारा, मातीतलं गाणारा तुमचा आवडता माणूस किंवा बाई पहिल्यांदा समोर ऐकलीत, तेव्हा काय झालं ते लिहा. नाव मोठंच हवं असं नाही. शाहीर, तियात्रात, म्हणजे कोंकणी नाटकात, गाणी रचून गाणारे कांतारकार, घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरतीत नवी पदं घालणारे बुवा, सगळे चालतील. फक्त "खूप छान वाटलं" एवढ्यावर सोडू नका. रेडिओवर, कॅसेटवर, फोनवर नव्हतं असं तिथे काय मिळालं, ते सांगा. वर आपल्या गावाचं नाव घाला. सुरुवात मी करते.

फोंडा

माझे रेमो फर्नांडिस. १९८४ साली त्यांनी शिवोलीच्या घरात सगळी वाद्यं स्वतः वाजवून कॅसेट केली आणि पिवळ्या स्कूटरवरून ती स्वतःच दुकानांत पोचवली, ही गोष्ट आमच्या पिढीला पाठ आहे. आमच्याकडची प्रत दादाने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणली होती. मी मराठी माध्यमातली, इंग्रजी शब्द अर्धेमुर्धे कळायचे. पण गाण्यातला गाव आपला आहे हे कळायला शब्दांची गरज नव्हती. तोवर गिटार म्हटली की ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरातली. या कॅसेटमुळे ती आमच्याही घरात आली.

आमचा टेप जुना होता. त्याची मोटर मंद फिरते हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, कारण ताडून बघायला दुसरा टेपच नव्हता. त्यामुळे माझ्या कानातले रेमो जाड, घोगरे, निवांत. बी.एड.ला असताना पणजीत मांडवीकाठी, उघड्यावर, त्यांचा कार्यक्रम झाला. पहिलं गाणं सुरू झालं आणि पोटात धस्स झालं. आवाज वरच्या पट्टीत, चाल धावती. वाटलं, आज यांचं काहीतरी बिनसलंय. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर उलगडा झाला की बिनसलेलं आमच्या टेपचं होतं. इतकी वर्षं मी त्यांना चुकीच्या वेगाने ऐकत आले होते.

मग त्यांनी गिटार बाजूला सरकवली आणि बासरी ओठांशी नेली. सूर फुटायच्या आधी माइकमधून नुसता श्वास आला. फुंकर. एवढ्या गर्दीत ती फुंकर स्वच्छ ऐकू आली. घरच्या टेपवर बासरी कुठून तरी लांबून यायची. इथे फुंकणारा माणूस होता, त्याला मध्येच थांबून श्वास घ्यावा लागत होता. गाणं करायला माणसाला दम लागतो, हे मला त्या रात्री कळलं. बावीस वर्षांची होते मी.

फोंड्याची शेवटची बस चुकली. मैत्रिणीच्या मावशीकडे रायबंदरला चालत गेलो, कॉजवेवर वारा, दोन्ही बाजूंना पाणी. पुढच्याच आठवड्यात दादाने टेप दुरुस्त करून आणला, तर आईला गाणी आवडेनात. "आदलींच बरीं आशिल्लीं," म्हणाली.

मडगाव

हे माझ्यापेक्षा बाबांचं जास्त आहे.

आमच्या घरात फूल. नव्या पिढीसाठी सांगतो. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं, त्यांची निशाणी फूल. वेगळं राहायचं, त्यांची दोन पानं. बाबा केप्याच्या बाजूला मराठी शाळेत मास्तर, फुलाच्या प्रचाराला सायकलवरून गावोगाव फिरलेले. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. शेवटच्या आजारपणात बाबा नातवंडांची नावं विसरले, पण तो आकडा त्यांच्या तोंडी होता.

आणि दोन पानांसाठी गोवाभर गात फिरले उल्हास बुयांव. त्यांच्या गाण्याने सभा फिरायच्या असं विरोधातले लोकही मानत. साहजिकच आमच्या घरात त्यांचं नाव कुणी काढत नसे. पण मी लहानपणापासून एक गोष्ट पाहत आलो होतो. आकाशवाणीच्या पणजी केंद्रावर बुयांवांचं कोंकणी गाणं लागलं की बाबा पेपर खाली ठेवत. रेडिओ मोठा करत नसत, पण बंदही करत नसत. गाणं संपलं की पेपर परत वर. आई मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगायची.

मला नोकरी लागल्यावर मडगावात त्यांचा कार्यक्रम होता. मी दोन तिकिटं आणली आणि बाबांना म्हटलं, एक गाण्याचा कार्यक्रम आहे, चला. कुणाचा ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्यांना माहीत होतं, कारण त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा काढला.

पहिला अर्धा तास बाबा हाताची घडी घालून बसले. समोर पेटी, तबला, बाकी थाट काही नाही. आवाजात ताकद अशी की माइक काढून घेतला असता तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेला असता. मी त्यांच्याकडे कमी आणि बाबांकडेच जास्त बघत होतो. मग ते चांदण्या रातीचं गाणं आलं, जे गोव्यात कुणाला शिकवावं लागत नाही. बाबांची घडी सुटली. उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या लाकडी दांड्यावर आली आणि ठेका धरू लागली, अगदी हळू, आवाज होणार नाही इतपत. कडव्यामागून कडवं ती बोटं चालत राहिली. गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या तेव्हा बाबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसतं डोकं खाली घालून बसले.

घरी येताना बसमध्ये म्हणाले, "हा माणूस आपल्याकडून गायला असता तर आपण जिंकलो असतो." थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, "सूर खरा आहे." माझे बाबा मराठीचे कट्टर होते आणि शेवटपर्यंत राहिले. त्यांनी कुणाला दिलेली सगळ्यात मोठी दाद मी ऐकली ती ही.

(धागा काढणारी: हे वाचून घरात मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्याकडे दोन पानं होती. सासरे म्हणाले, त्या मास्तरांना मी भेटायला हवं होतं.)

कुडचडे

मला आल्फ्रेड रोझ ऐकायचे होते. रेडिओवर त्यांची कांतारां ऐकत दुकानात वजनं उचलली आहेत मी. दर वेळी कार्यक्रम असला की दुकान, लग्नसराई, आजारपण, काहीतरी आडवं आलं. २००३ साली ते गेले. पुढच्या वेळी, पुढच्या वेळी करत राहिलो आणि ती वेळ संपली. हे लिहायचं कारण एवढंच की तुमचं कुणी आवडतं माणूस आज गात असेल तर आज जा.

त्यानंतर शपथ घेतल्यासारखा तियात्र बघायला जाऊ लागलो. आम्हा हिंदूंच्या घरात नाटक म्हणजे मराठी, देवळाच्या मांडवात. तियात्र १८९२ पासून चालू आहे आणि माझ्या गावात तो दरवर्षी येतो, पण चाळिशी उलटेपर्यंत मी एकही पाहिला नव्हता. दोन पडद्यांच्या मधे गायक पुढे येतो, खाली बाजूला बँड, ट्रम्पेट आणि ड्रम्स. गायक स्वतःच लिहितो, आणि काल पेपरात आलेलं आज त्याच्या कांतारात असतं.

२०१२ साली खाणी बंद पडल्या. कुडचडे म्हणजे ट्रकांचं गाव. ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले ते दारात उभे करून बसले. माझ्या दुकानातली उधारीची वही त्या वर्षी दोनदा बदलली. त्याच दिवसांत एक कांतारकार आला, ज्याची गाणी मी सीडीवर ऐकत होतो. त्याने ट्रकाच्या चाकावरून वर चढलेल्या वेलीवर कांतार म्हटलं. वेलीला दोडकी धरली, बायकोने ती काढून भाजी केली, आणि हप्त्याचा माणूस आला तेव्हा त्याला तीच जेवायला वाढली, असं ते गाणं. सीडीवर हे नव्हतं. कुठेच नव्हतं. बहुधा त्याच आठवड्यात लिहिलेलं. थिएटरात दर चौथा माणूस ट्रकवाला. शिट्ट्या पडायला हव्या तिथे आधी काही क्षण कुणी हललंच नाही. मग अशा पडल्या की त्याला परत यावं लागलं, आणि परत आला तो आणखी दोन कडवी घेऊन.

वास्को

माझे बाबा मुरगाव बंदरात कामाला आले ते सिन्नर तालुक्यातून. वामनदादा कर्डक सिन्नरजवळच्याच देशवंडीचे, १९२२ चा जन्म. त्यामुळे वास्कोच्या आमच्या एका खोलीत त्यांचा उल्लेख कायम "आपले दादा" असाच. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. भीमगीतं मात्र डझनांनी पाठ. रात्रपाळीहून आले की आंघोळ करताना म्हणायचे आणि शेजारची कोंकणी म्हातारी भिंतीपलीकडून ताल धरायची.

मी चौदा वर्षांची असताना जयंतीला गावी गेलो आणि तिथे वामनदादा आले. मंडप, पेट्रोमॅक्स, खाली सतरंज्या. मला वाटत होतं, गायक गाणार आणि आपण ऐकणार. तसं नव्हतंच. मागे कोरसला दोघं होते, पण खरा कोरस सतरंजीवर बसला होता. दादांनी ओळ उचलली की पुढची अर्धी ओळ बायकाच पुरी करायच्या, कडेवरच्या पोरांसकट. त्या क्षणी मला समजलं की बाबा आंघोळीला एकटे गात नव्हते. ते इतकी वर्षं या कोरसमधली आपली जागा सांभाळत होते, शेकडो किलोमीटरवर बसून.

वामनदादांना स्वतःला अक्षरओळख विशीत झाली. ते बाबांना ठाऊक होतं, पण त्या रात्रीपर्यंत त्यांनी त्याचा स्वतःशी संबंध लावला नव्हता. परत येताना एस.टी.त मला म्हणाले, "ताई, मला नाव लिहायला शिकव." जून उजाडला तसे माझ्या जुन्या पाटीवर बसले. बंदराच्या पगाराच्या कागदावर त्यांनी पहिल्यांदा अंगठ्याऐवजी सही केली, ती सही अजून माझ्याजवळ आहे. 'र' उलटा आहे.

पणजी

माझं छोटंसं. रघू दीक्षित. मैसूरचा, कन्नडमध्ये स्वतः लिहितो आणि संत शिशुनाळ शरीफांची एकोणिसाव्या शतकातली पदं आपल्या चालीत गातो. मी त्याला फोनवरच ऐकलेलं. आईचं माहेर कारवारकडचं, म्हणून गोव्यात कार्यक्रम आहे कळल्यावर तिला ओढून नेलं. फोनवरच्या व्हिडिओत तो कमरेपर्यंतच दिसायचा. समोर बघते तर लुंगी आणि पायात घुंगरू. तो भरतनाट्यम शिकलेला आहे हे वाचलं होतं, पण त्याचा गाण्याशी काय संबंध ते आत्ता कळलं. सगळा बँड थांबला की घुंगरांचा ठेका तेवढा चालू राहतो. इतके दिवस ज्याला मी कुठलं तरी तालवाद्य समजत होते ते त्याचे पाय होते.

शरीफांचं पद सुरू झाल्यावर आई कानाशी लागून ओळीओळीचा अर्थ सांगायला लागली, झरझर, न अडखळता. आईला कानडी इतकी येते हे मला चोवीस वर्षांत माहीत नव्हतं. घरी आम्ही मराठी, बाहेर कोंकणी, कानडी कधी निघालीच नाही. त्या रात्रीपासून मी तिच्याकडे शिकते आहे.

(धागा काढणारी: मोठ्या कार्यक्रमांचं पुष्कळ झालं असं नाही, ते येऊ द्याच. पण वाड्यावरचे, घरातले अनुभवही लिहा.)

डिचोली, सध्या कुवेत

आमच्याकडचे बुवा घुमट आरतीला दरवर्षी नवी पदं करतात. त्यांची ध्वनिफीत कुठल्या दुकानात मिळत नाही. कुणीतरी चवथीत फोनवर उचलतो आणि ती व्हॉट्सॅपवरून कुवेतला येते. सात वर्षं मी ती तशीच ऐकली, खोलीत सहा माणसं, एसीची घरघर, कानात तार. घुमट, शामेळ, कांसाळें, आणि वर त्या बुवांचा चिरका आवाज. मी त्यांना ओळखत नव्हतो. ते पलीकडच्या गावचे, आणि मी निघालो तेव्हा त्यांचं मंडळ आमच्या वाड्यावर येत नसे.

आठव्या वर्षी चवथीला सुट्टी मिळाली. मिळाली म्हणजे बाबा गेले होते, त्यांच्यामागची पहिली चवथ, आईने एकटीने करू नये म्हणून आलो. गणपतीच्या डोक्यावरची रानफळांची माटोळी दरवर्षी बाबा बांधायचे. या वेळी मी बांधली. बाबा कसे बांधायचे ते लहानपणी शिडी धरून पाहिलेलं, तेवढ्यावर. नारळांचा घड मधे, सुपारीचे घोस, कांगलां, माट्टी, आंबाडे, सगळं रानातलं मामेभावाने आणून दिलं. गाठी मात्र बाबांच्याच पद्धतीच्या पडल्या, हाताला त्या कशा माहीत होत्या कुणास ठाऊक.

रात्री मंडळ आलं. पाऊस कोसळत होता. घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, आता कायद्याने बंदी आहे म्हणून बकरीचं, आणि दमट हवेत ते लगेच सैल पडतं. एक मुलगा आमच्या ओसरीवरच्या बल्बखाली घुमट धरून उभा राहिला. मधूनमधून बोटाने टिचकी मारून एका म्हाताऱ्याकडे बघायचा. तो म्हातारा मान हलवायचा, अजून नाही. कितीतरी वेळाने त्याने डोळे मिटले, म्हणजे झालं. तेव्हा मला कळलं की हेच बुवा. कानात ज्यांचा आवाज सात वर्षं होता ते एवढेसे, वाकलेले, मळक्या बनियनवर उपरणं.

नेहमीच्या आरत्या पोरांनी म्हटल्या. बुवा मागे बसून होते. त्यांनी आईला खालच्या आवाजात काहीतरी विचारलं, आईने दोन शब्दांत उत्तर दिलं. मग त्यांनी मान वर करून माटोळीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि चंद्रावळीच्या चालीत पद सुरू केलं, ज्यात गणपतीच विचारतो की यंदाची माटोळी कोणाच्या हातची? आणि उत्तर येतं की गाठी त्याच आहेत, हात नवे.

ते त्यांनी तिथेच केलं होतं. ओसरीवर बसल्या बसल्या. घुमटाचा आवाज फोनमध्ये टपटप येतो. खोलीत तो छातीत येतो, पाटाखालची जमीन हलते. मी गणपतीसमोर उभा राहून रडलो आणि कुणी मला गप्प केलं नाही, सगळे वाजवत राहिले. २०१९ साली घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, ती बातमी मी कुवेतला खोलीतल्या केरळी, बंगाली पोरांना अभिमानाने दाखवली होती. पण ते पद मी कुणाला पाठवलेलं नाही. कुणी उचललंच नव्हतं फोनवर. ते आमच्या घरापुरतंच राहिलं.

वाळपई

मी लिहू की नको असं करत होते. आमच्या गाणाऱ्या बाईला कुणी गायिका म्हणत नाही आणि ती स्वतःला कवयित्री म्हणत नाही.

माझं माहेर तिसवाडीतलं. आजीबरोबर रेडिओवर ढालोची, बायकांच्या नाचाची, गाणी ऐकायचे, त्यात एक आवाज होता, खालच्या पट्टीतला, जरा पुरुषी, ओळीच्या शेवटी दगड ठेवल्यासारखा थांबणारा. आजी म्हणायची, ही सत्तरी तालुक्यातली असणार. नाव कधी कळलं नाही. सत्तरीत लग्न होऊन आले तेव्हा मी ते विसरूनही गेले होते.

पौषात मांडावर, ढालो खेळायच्या अंगणात, गेले, नवी सून म्हणून सासूबाईंनी नेलं. शेणाने सारवलेला मांड, चांदणं, अंगावर काटा येणारी थंडी. पुरुष कुणी नाही. बायका समोरासमोर दोन रांगांत, एकमेकींच्या कमरेला हात घातलेले. एक रांग गाते आणि झुकत पुढे येते, मग दुसरी. मला एका म्हातारीच्या शेजारी उभं केलं. तिच्या हाताला कामाचा राप, बांगड्या दोनच. कमरेत हात घातला तेव्हा नऊवारीखाली नुसती हाडं लागली.

तिने ओळ सुरू केली आणि तो आवाज होता.

मी तिच्याकडे वळूनही बघू शकले नाही, रांगेत तसं वळता येत नाही. तो मी कानाने ऐकलाच नाही म्हटलं तरी चालेल. तो माझ्या बरगड्यांतून आला. तिने श्वास घेतला की माझा हात वर जायचा, तिचा सूर खाली गेला की माझ्या कुशीत घुमायचा. रेडिओवर ओळीच्या शेवटी ती थांबायची, तिथे काय होत असेल याचा मी लहानपणी विचार करायचे. तिथे ती पाय उचलत होती. बस. पाय उचलून पुढे टाकायला जेवढा वेळ लागतो तेवढी ती थांबायची.

पुढच्या कडव्यात तिने माझ्या माहेरच्या गावाचं नाव घातलं. तिथल्या मानशीचं, बांधाच्या झडपेचं, पाणी, खाडीकाठच्या खाजनातलं भात, आणि ते सोडून डोंगराकडे आलेली पोर. तिला कुणी सांगितलं मला माहीत नाही. समोरच्या रांगेने ते उचललं आणि आमच्याकडे परत पाठवलं. आता आमची पाळी. मला ओळ येत नव्हती, मी नुसतीच उभी. तिने गाणं न थांबवता माझ्या कमरेवर दोन बोटं दाबली, आणि मी झुकले.